औषध पचवलेली बुरशी

तासगावजवळच्या आमच्या काकांच्या द्राक्षबागेची एक वही आहे. ऑक्टोबर छाटणीपासून कोणत्या तारखेला कोणतं बुरशीनाशक मारलं, किती लिटर पाण्यात, त्याच्या आधीची फवारणी कशाची होती, सगळं त्यात असतं. एकच आंतरप्रवाही (वेलीच्या आत भिनणारं) औषध लागोपाठ मारायचं नाही, हा त्यांचा नियम. "नाहीतर भुरी औषध पचवती," एवढंच ते कारण सांगतात. भुरी म्हणजे पानांवर पांढऱ्या पुडीसारखी दिसणारी बुरशी. गेल्या पावसाळ्यात त्यांच्याच कमरेला नायटा उठला, तेव्हा मात्र मेडिकलमधून आणलेली एकच ट्यूब ते तीन महिने लावत राहिले. नायटा मांडीपर्यंत उतरला.

वेलीवरची बुरशी आणि माणसाच्या अंगावरची बुरशी यांच्यात आपण मानतो तेवढं अंतर नाही. दोघींच्या पेशींच्या आवरणाला एरगोस्टेरॉल किंवा त्याच्याच जवळचा स्निग्ध पदार्थ लागतो. तो तयार करणाऱ्या यंत्रणेत सीवायपी 51 नावाचं एक विकर (एन्झाइम) असतं. भुरीवर मारलं जाणारं टेब्युकोनॅझोल किंवा हेक्साकोनॅझोल या विकराला अडवतं, आणि दवाखान्यातलं फ्लुकोनॅझोल, इट्राकोनॅझोलही त्यालाच अडवतं. या सगळ्या औषधांना ट्रायझोल म्हणतात. उसाच्या चरकात पाचर बसावी तसं औषध विकरात अडकतं आणि काम थांबतं. पण चरकाचा एखादा दात जरासा झिजला तर पाचर धरत नाही, चरक मात्र फिरत राहतो. औषध पचवणं म्हणतात ते बहुतेक वेळा असंच असतं. जनुकातलं एक अक्षर बदलतं आणि विकराचा आकार किंचित हलतो.

मला या विषयात सगळ्यात थक्क करणारी गोष्ट वाटते ती ही. द्राक्षावरची भुरी ट्रायझोल औषधांना दाद देईनाशी झाली तेव्हा तिच्या या विकराच्या अमिनो आम्लांच्या साखळीत 136व्या जागी टायरोसिनऐवजी फेनिलअॅलानिन हे दुसरं अमिनो आम्ल आलेलं आढळलं. कॅन्डिडा ऑरिस ही 2009 मध्ये जपानमध्ये एका रुग्णाच्या कानातून पहिल्यांदा ओळखली गेलेली, अतिदक्षता विभागांना धास्ती वाटावी अशी बुरशी. फ्लुकोनॅझोल न जुमानणाऱ्या तिच्या अनेक नमुन्यांत 132व्या जागी हाच बदल सापडतो. विकराची लांबी थोडी वेगळी असल्यानं आकडा बदलतो, जागा तीच. एकीनं दुसरीकडून काही घेतलेलं नाही. दोघींना एकाच प्रकारच्या औषधाचा मारा सोसावा लागला आणि दोघींना तीच पळवाट सापडली.

अॅस्परजिलस फ्युमिगॅटसची कथा याहून थेट शेताशी जोडलेली आहे. कुजणाऱ्या पालापाचोळ्यात वाढणारी ही बुरशी दुबळ्या फुप्फुसात शिरली तर जीवघेणी ठरते. तिच्या काही वाणांत विकराच्या जनुकाआधीचा 34 अक्षरांचा तुकडा दोनदा आलेला असतो, त्यामुळे विकरच जास्त बनतं. शिवाय 98व्या जागी एक बदल असतो. 2012 मध्ये भारतातही असे वाण रुग्णांत आणि मातीत, दोन्हीकडे सापडल्याचं प्रसिद्ध झालं. ज्याला ट्रायझोल औषध कधीच दिलेलं नाही अशा रुग्णातही ते निघतात. शेतातल्या ट्रायझोल फवारणीशी त्यांचा संबंध जोडला जातो तो यामुळेच.

आता काकांचा नायटा. भारतात सध्या पसरलेल्या हट्टी नायट्यामागे बऱ्याचदा ट्रायकोफायटॉन इंडोटिनी ही बुरशी असते. तिला हे नाव 2020 मध्ये मिळालं. 2023 मध्ये ती न्यूयॉर्कमधल्या दोन रुग्णांतही सापडल्याची नोंद झाली. नायट्यावरची नेहमीची गोळी म्हणजे टर्बिनाफिन. ती एरगोस्टेरॉलच्या वाटेवरच्या दुसऱ्या विकराला, स्क्वालिन इपॉक्सिडेजला अडवते. त्या विकरात 397व्या किंवा 393व्या जागी बदल झालेला असला की गोळी निकामी होते.

डॉक्टर चट्ट्याच्या कडेची खपली खरवडून पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये पाहतात तेव्हा बुरशीचे धागे दिसतात. बुरशी आहे एवढं त्यातून कळतं, औषध कोणतं चालेल हे कळत नाही. त्यासाठी ती वाढवून पाहायची तर दोन ते चार आठवडे जातात, मग पुढे औषधाची चाचणी. रेणवीय तपासणी वाढीची वाट पाहत नाही. खरवडीतून डीएनए काढायचा, जनुकाचा नेमका तेवढा तुकडा पीसीआरनं दुपटीनं वाढवायचा (30 फेऱ्यांत एकाचे 107 कोटी होतात) आणि ते एक अक्षर वाचायचं. कधी बदललेल्या अक्षरालाच चिकटणारा डीएनएचा चकाकता तुकडा वापरतात, कधी सगळा तुकडा वाचून काढतात. काही तासांत, फार तर काही दिवसांत उत्तर हाती येतं.

या उत्तराची मर्यादा सांगायलाच हवी. तपासणी ज्या जागा बघते तेवढंच तिला दिसतं. बुरशी औषध पेशीबाहेर उपसून टाकत असेल, तर अक्षर जागेवर असूनही गोळी लागू पडत नाही. मेलेल्या बुरशीचा डीएनएही यंत्रात वाढतो. आणि नायटा न हटण्याचं कारण प्रत्येक वेळी बुरशीतच नसतं. काकांच्या ट्यूबमध्ये बुरशीनाशकासोबत क्लोबेटासोल हे तीव्र स्टेरॉइड होतं. त्यानं खाज थांबते, लाली जाते, आणि त्वचेची प्रतिकारशक्ती दबल्यानं बुरशी आतून पसरत राहते. अशी ट्यूब चिठ्ठीशिवाय मिळते याचा मला मनापासून राग येतो.

शेवटी काका मिरजेला त्वचेच्या डॉक्टरांकडे गेले. खरवड घेताना पाहून त्यांनी मला विचारलं, "भुरीची पण अशी तपासणी होती का रे?" होते. अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये द्राक्षबागेत काम करणाऱ्यांचे हातमोजेच कापसाच्या बोळ्यानं पुसून घेतात. वेलीमागून वेल हाताळताना बीजाणू त्यांना चिकटलेले असतात. भुरी पानावर दिसण्याआधीच, तिनं ठरावीक औषध पचवलंय का हे त्या बोळ्यावरून पीसीआर सांगू शकतं. काकांनी वही उघडून शेवटच्या फवारणीखाली ते लिहून ठेवलं.