आठ काढला की हजार सीसी: मोठ्या बाईकच्या वादाची पार्श्वभूमी

जास्त पॉवरची बाईक साध्या चालवणाऱ्याच्या हातात द्यावी का, हा वाद आपल्याकडे अधूनमधून पेटतोच, आणि दर वेळी सुरुवात कुणाच्या तरी पोराच्या माजापासून होते. बापाने पैसे दिले, पोराने गाडी घेतली, संपला विषय. पण ती गाडी त्याला चालवायला मिळाली कशी हे कुणी विचारत नाही. आरटीओच्या मैदानात 100-110 सीसीच्या गाडीवर पाय न टेकवता आठ काढला की 'गिअरसह मोटारसायकल' असं लायसन मिळतं, आणि त्याच लायसनवर 18 वर्षांचा मुलगा दुसऱ्या दिवशी 200 बीएचपीची (बीएचपी म्हणजे इंजिनाची ताकद मोजायचं माप) गाडी शोरूममधून बाहेर काढू शकतो, पूर्ण कायदेशीर. मधे एकही पायरी नाही.

हे असं का, तर 1988 चा कायदा. तो लागू झाला 1 जुलै 1989 ला. त्यात दुचाकीचे लायसनपुरते दोनच मुख्य वर्ग केले, गिअरवाली आणि बिनगिअरची. तेव्हा रस्त्यावर काय होतं ते आठवा, बिनगिअर म्हणजे लुना आणि तिच्यासारख्या मोपेड, फार तर 1984 ला आलेली कायनेटिक होंडा, आणि गिअरवाली म्हणजे बाकी सगळं, चेतक, बुलेट, येझदी, 100 सीसीच्या जपानी गाड्या. त्यामुळे बिनगिअर म्हणजे छोटी आणि गिअर म्हणजे मोठी असा हिशोब त्या काळात ढोबळमानाने जमत होता. 16 वर्षांच्या मुलांना 50 सीसीपर्यंतची बिनगिअर गाडी अशी एक सवलत होती, ती अजून कागदावर आहे, फक्त तशा पेट्रोलच्या गाड्या बाजारातून जवळपास गेल्यात. पण गंमत बघा, ज्या वर्गात सासऱ्यांची चेतक त्याच वर्गात राजदूत 350.

आता राजदूत 350 बद्दल थोडं, कारण 'ही गाडी माणसं मारते' हे वाक्य आपल्याकडे पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर तिच्याबद्दलच बोललं गेलं. 1983 ला ती आली, जपानी यामाहा आरडी 350 ची देशी आवृत्ती, दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, सहा गिअर, 30.5 बीएचपी (नंतर मायलेजसाठी 27 बीएचपीची आली). मूळ जपानी गाडीला पुढे डिस्क ब्रेक होता, आपल्याकडे ड्रम लावला. टू-स्ट्रोकचा स्वभाव असा की खालच्या आरपीएमला (इंजिनाचे फेरे कमी असताना) गाडी गरीब वाटते आणि एका ठिकाणी काटा गेला की एकदम सगळी ताकद येते, शिवाय थ्रॉटल सोडल्यावर इंजिन फार ओढून धरत नाही, म्हणजे थांबायचं काम सगळं ब्रेकवर, आणि ब्रेक ड्रमचे. आरडी म्हणजे 'रॅपिड डेथ' असं लोकांनी नाव पाडलं ते उगाच नाही. तरी माझं मत, दोष 30 बीएचपीचा कमी आणि ब्रेकचा आणि त्यावर बसलेल्या माणसाच्या आधीच्या सवयीचा जास्त, कारण आदल्या दिवशीपर्यंत तो स्कूटर चालवत होता.

आणि नेमक्या त्याच 1983 साली ब्रिटनमध्ये उलटं चाललं होतं. तिथे 1961 पासून शिकाऊ चालकाला 250 सीसीची मर्यादा होती, कंपन्यांनी मग 250 सीसीतच एवढी ताकद भरली की आरडीच्याच घराण्यातली 250 सीसीची गाडी शिकाऊची पाटी लावून ताशी 100 मैलांच्या आसपास जायला लागली. सरकारने मर्यादा थेट 125 वर आणली आणि सोबत पॉवरचीही अट घातली. म्हणजे तिकडे धाकटी बहीण शिकाऊंच्या हातातून काढून घेतली आणि इकडे थोरली कुठलीही अट न घालता विकायला ठेवली.

नव्वदच्या दशकाबद्दल फार बोलण्यासारखं नाही, पेट्रोल वाचवण्याचं दशक होतं. आरएक्स 100 होती, 98 सीसी, 11 बीएचपी, अंगाने हलकी म्हणून चपळ, 1996 पर्यंत चालली. खरा बदल 1999 ची सीबीझेड आणि 2001 ची पल्सर यांनी केला. पल्सर 180 ला जेमतेम 15 बीएचपी होते, आज हसू येईल, पण पहिल्यांदाच मध्यमवर्गीय घरात 'पिकअप' हा गाडी घेण्याचा मुख्य मुद्दा झाला आणि जाहिरातीसुद्धा मर्दानगीच्या सुरात गेल्या. 2003 ला करिझ्मा, मग 220 ची पल्सर जिची जाहिरातच सगळ्यात वेगवान भारतीय गाडी म्हणून झाली. दहा वर्षांत ताकद वाढत गेली, किंमत हप्त्यात बसत गेली आणि मैदानातला आठ तेवढाच राहिला.

या सगळ्यात मला सगळ्यात बोलका वाटतो तो चाकणचा किस्सा. 2011 मध्ये चाकणच्या कारखान्यात एक नारिंगी 125 सीसीची गाडी बनायला लागली, केटीएमची ड्यूक 125, 15 बीएचपीची, आणि ती सगळी बाहेर जायची, मुख्यतः युरोपात. कारण तिकडच्या नियमात 16 वर्षांच्या मुलाला 125 सीसी आणि 11 किलोवॅटपर्यंतच परवानगी मिळते आणि ही गाडी मोजून त्या चौकटीत बसवलेली. ती तेव्हा आपल्याकडे विकलीच नाही. आपल्याकडे जानेवारी 2012 मध्ये त्याच सांगाड्यावरची ड्यूक 200 आली, 25 बीएचपी, एक लाख सतरा हजार एक्स-शोरूम, एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) नाही. पुढच्या वर्षी 390, 43 बीएचपी, किंमत दोन लाखांच्या आत. 125 वाली आपल्याला मिळाली 2018 च्या शेवटी, आणि ड्यूक 200 ला एबीएस मिळालं तेही तेव्हाच, म्हणजे जवळपास सात वर्षं कॉलेजची पोरं 25 बीएचपीच्या हलक्या गाडीवर बिनएबीएसची फिरत होती. गाडी बनवणाऱ्यांनी कायदा मोडला का, अजिबात नाही. एकाच शेडमधून निघालेल्या दोन गाड्यांपैकी कुठली कुणाला द्यायची हे तिकडे कायद्याने ठरवलं आणि इकडे बाजाराने.

खऱ्या अर्थाने मोठ्या गाड्या, म्हणजे हजार सीसीच्या आसपासचा लिटर क्लास, आल्या त्या हापूसमुळे. अतिशयोक्ती नाही. 2007 मध्ये अमेरिकेने आपले आंबे घ्यायला होकार दिला (लासलगावच्या केंद्रात विकिरण करून पहिल्या पेट्या गेल्या) आणि त्याच बोलण्यांत 800 सीसी आणि वरच्या गाड्या इथल्या चाचण्यांच्या लांबलचक फेऱ्यांशिवाय आयात करायचा रस्ता मोकळा झाला. डिसेंबर 2007 ला यामाहाची आर वन अधिकृतपणे शोरूममध्ये उभी, किंमत दहा लाखांच्या आसपास, त्यातला मोठा भाग कर. या गाड्या पहिल्याच गिअरमध्ये ताशी 140 च्या वर जातात. आयातीच्या नियमात प्रदूषणाचा विचार होता, कराचा होता, चालवणाऱ्याचा नव्हता. बहुधा असं गृहीत असावं की दहा लाख देणारा माणूस जपून चालवेल.

आता या वादातला सगळ्यात मोठा गुंता, सीसी. आपल्याकडे 'किती सीसीची आहे' हाच प्रश्न, आणि बंदीची मागणी करणारेही '300 सीसीच्या वर बंद करा' असंच म्हणतात. पण सीसी म्हणजे इंजिनाच्या पोटात किती जागा आहे एवढंच, त्यातून किती ताकद काढायची हे बनवणाऱ्याच्या हातात. जुनी बुलेट 346 सीसी, 18 बीएचपी. राजदूत 350, 347 सीसी, 30.5 बीएचपी. एका सीसीचा फरक आणि ताकद दीडपटीच्याही पुढे. आजचं बघा, क्लासिक 350 ला 349 सीसीत 20 बीएचपी, पहिल्या ड्यूक 390 ला 373 सीसीत 43, आणि इंटरसेप्टर 650 ला 648 सीसीत 47. म्हणजे सीसीने लाइन आखली तर 650 वाली राक्षस ठरते आणि 373 वाली मधली, प्रत्यक्षात ताकद जवळपास सारखी आणि 650 वाली अंगाने कितीतरी जड, त्यामुळे झेप कमी. वजनाने ताकदीला भागल्याशिवाय काही अर्थ लागत नाही.

युरोपने हे उशिरा का होईना ओळखलं. 2013 च्या जानेवारीपासून तिथे मधल्या लायसनला 35 किलोवॅट, म्हणजे साधारण 47 बीएचपी, आणि शिवाय दर किलो वजनामागे 0.2 किलोवॅटच्या वर नाही. त्यावर दोन वर्षं काढली आणि परीक्षा दिली की मोठी गाडी, थेट मोठी हवी असेल तर बहुतेक ठिकाणी 24 वर्षं पूर्ण लागतात. ऑस्ट्रेलियात 660 सीसी आणि टनामागे 150 किलोवॅट असा दुहेरी हिशोब. सिंगापूरने मात्र सीसीच धरलं, 200, मग 400, मग पुढचं. जपानने 400 च्या वरचं लायसन 1996 पर्यंत इतकं कठीण ठेवलं होतं की लोक पुन्हा पुन्हा नापास व्हायचे. आणि फ्रान्सने तर लायसन सोडून गाडीलाच हात घातला, 100 हॉर्सपॉवरच्या वरची बाईक विकायचीच नाही, तीसेक वर्षं चालवलं आणि 2016 मध्ये एबीएसवाल्या गाड्यांसाठी ते काढून टाकलं.

आपल्याकडे सीसीची लाइन आहे, पण ती लायसनला नाही, कराला आहे. 2017 च्या जीएसटीत 350 च्या वर 3 टक्के उपकर, आणि सप्टेंबर 2025 पासून 350 पर्यंत 18 टक्के आणि त्याच्या वर सरळ 40. सरकारला 350 सीसीच्या वरची गाडी ही चैनीची वस्तू वाटते, धोक्याची वस्तू वाटते की नाही ते कुठे लिहिलेलं नाही. अर्थात महाग केलं की नवखे आपोआप कमी होतील असं म्हणणारे आहेत, मला ते पटत नाही, सेकंडहँड बाजार कशाला आहे मग.

बरं, पॉवरने माणसं जास्त मरतात का? यावर सगळ्यात जास्त सांगितला जाणारा अभ्यास कॅलिफोर्नियातला, 1981 चा, 900 अपघात जागेवर जाऊन तपासलेले. दोन्ही बाजू त्यातलं आपापलं उचलतात. मोठ्या इंजिनच्या गाड्या अपघातांत त्यांच्या संख्येच्या मानाने कमी सापडल्या, पण सापडल्या तेव्हा इजा जास्त. अपघाताआधीचा मधला वेग ताशी 30 मैलांच्याही किंचित आत. 92 टक्के चालक स्वतःच किंवा घरच्या-मित्रांकडून शिकलेले. आणि माझ्या मते त्यातला कळीचा आकडा, निम्म्याहून जास्त लोकांना त्या विशिष्ट गाडीवर पाच महिनेही झाले नव्हते, जरी एकूण बाईक चालवायला सरासरी जवळपास तीन वर्षं झाली असली तरी. म्हणजे गाडी बदलली की माणूस पुन्हा नवखा होतो. दुसऱ्या बाजूला अमेरिकेतल्याच 2000 नंतरच्या आकड्यांत रेसिंग धाटणीच्या सुपरस्पोर्ट गाड्यांवर, नोंदणीच्या मानाने, बाकी प्रकारांच्या जवळपास चौपट मृत्यू दिसले. त्या गाडीमुळे की तशी गाडी घेणाऱ्या माणसामुळे, यावर अजून भांडण चालू आहे.

गाडीमुळे म्हणणाऱ्यांचा एक मुद्दा मात्र मान्य करावा लागतो. नवखा माणूस जोरात निघालेल्या गाडीवर मागे फेकला जातो, पडू नये म्हणून हॅन्डल घट्ट धरतो, मनगट मागे वळतं आणि थ्रॉटल अजून उघडतो. 11 बीएचपीवर ही चूक हसण्यावारी जाते, 150 वर जात नाही.

आपल्याकडे हे तपासायची सोयच नाही. 2022 ला देशात रस्त्यावर 1,68,491 माणसं गेली, त्यात साडेचव्वेचाळीस टक्के दुचाकीवरची, आणि ती दुचाकी 100 ची होती की 1000 ची हे सरकारी अहवालात येत नाही. एवढ्या संख्येत बहुतेक गाड्या रोजच्या कामाच्या साध्या कम्युटर असणार हे रस्त्यावर नजर टाकली तरी कळतं. त्याच वर्षी हेल्मेट नसलेले दुचाकीवरचे मृत 50,000 च्या वर. पुण्यात मात्र हेल्मेटसक्ती म्हटलं की मोर्चा.

सरकारने जे केलं ते गाडीला आणि रस्त्याला. 125 सीसीच्या वर एबीएस, नव्या मॉडेलना एप्रिल 2018 पासून आणि सगळ्यांना 2019 पासून, हे चांगलंच झालं. रस्त्याचं म्हणाल तर मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, सी लिंक, समृद्धी, अटल सेतू, कोस्टल रोड, सगळीकडे दुचाकीला बंदी, म्हणजे समोरून वाहन न येणारे जे मोजके रस्ते आहेत तिथून बाईक बाहेर आणि ताम्हिणी, माळशेजच्या घाटात एसटी, टेम्पो आणि म्हशींसोबत मात्र चालेल. चौपदरी हायवेला बाईकची कमाल मर्यादा 80, ती 2018 ची.

आणि लायसनच्या त्या दोन वर्गांचं आता पार हसं व्हायला लागलंय. 2021 ला एक जर्मन मॅक्सी स्कूटर इथे आली, 350 सीसी, 34 बीएचपी, ऑटोमॅटिक, जवळपास दहा लाखांची. इलेक्ट्रिक बाईक तर बाजारात 40 हॉर्सपॉवरपर्यंत गेल्यात आणि त्यांना गिअरबॉक्सच नाही. कायद्याची भाषा अक्षरशः घेतली तर या सगळ्या 'बिनगिअर', लुनाच्या वर्गातल्या. उलट 100 सीसी, 8 बीएचपीची, दूधवाल्याची गाडी चालवायला गिअरचं लायसन लागतं.