लोगोमागचं लटांबर : लिनक्सच्या बूट स्प्लॅशची पार्श्वभूमी

लिनक्सचं मशीन चालू होताना दिसणारा लोगो आणि त्याखाली फिरणारे ठिपके, म्हणजेच बूट स्प्लॅश, ही निव्वळ सजावट आहे, असं कुणालाही वाटेल. पण त्या चित्रासाठी पडद्यामागे जे काही गोळा करावं लागतं ते पाहिलं की चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला आठवतो.

मराठवाड्यात तालुक्याच्या गावी कॉम्प्युटर लॅब सांभाळणाऱ्यांची या चित्राशी गाठ पडली ती लोडशेडिंगच्या वर्षांत. यूपीएसची बॅटरी आधीच गेलेली, त्यामुळे वीज गेली की मशीन धाडकन बंद. परत सुरू केलं की फाइलसिस्टीमची तपासणी चालू व्हायची, तीही नेमकी चित्राआड. पट्टी हलेना म्हणून पोरं पुन्हा बटण दाबायची आणि तपासणी पुन्हा पहिल्यापासून!

हे चित्र काढायचं कुणी, यावर तेव्हा लिनक्सच्या वितरणांमध्ये, म्हणजे सुसे, फेडोरा, उबुंटू अशा तयार संचांमध्ये, एकमत नव्हतं. सुसेने बूटस्प्लॅशचा पॅच थेट कर्नलला, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्याला, जोडला. मुख्य कर्नलमध्ये तो कधीच गेला नाही. फेडोराने २००३ मध्ये उलटी वाट धरली. त्यांचं आरएचजीबी एका चित्रासाठी अख्खा एक्स सर्व्हर, म्हणजे खिडक्या आणि चित्रं दाखवणारी पूर्ण यंत्रणा, उठवायचं. उबुंटूने २००५ मध्ये आणलेलं यूस्प्लॅश त्या मानाने गरीब, सोळा रंगांत भागवणारं.

मोठा फरक पडला तो ग्राफिक्स मोड, म्हणजे पडद्याचं रिझोल्यूशन वगैरे, ठरवण्याचं काम कर्नलने स्वतःकडे घेतल्यावर. फेडोरा १० सोबत नोव्हेंबर २००८ मध्ये रेड हॅट कंपनीच्या रे स्ट्रोड यांचं प्लायमाउथ हे नवं बूट स्प्लॅश आलं, तेच या पायावर. मार्च २००९ च्या २.६.२९ कर्नलमध्ये इंटेलसाठी ही सोय अधिकृत झाली. एक्सची गरज संपली, पण आता ग्राफिक्सचा ड्रायव्हर आणि त्याचं फर्मवेअर सुरुवातीलाच, म्हणजे इनिट्रॅमएफएसमध्ये (मुख्य डिस्क जोडण्याआधी मेमरीत चढणाऱ्या छोट्या फाइलसंचात) हवं. या संचाचा फुगवटा मुख्यतः इथूनच येतो, आणि लहान बूट पार्टिशन भरून कर्नलचं अपडेट अडकतं तेव्हा तो टोचतो. २०२१ च्या ५.१४ कर्नलमधल्या सिंपलडीआरएम या साध्या ड्रायव्हरमुळे मशीनच्या स्वतःच्या फर्मवेअरने (बायोस किंवा यूईएफआयने) आधीच तयार ठेवलेल्या पडद्यावर भागवता येतं, हा त्यातल्या त्यात दिलासा.

उबुंटू १०.०४ मध्ये तर डिस्क माउंट करणारं, म्हणजे सिस्टीमला जोडणारं, माउंटऑलही प्लायमाउथवर अवलंबून होतं. डिस्क माउंट झाली नाही तर वापरणाऱ्याला विचारायचं कुठून, तर प्लायमाउथमधून. परिणामी ज्या सर्व्हरला मॉनिटरच नाही त्यावरूनही ते काढता येईना. लोक चिडले ते बरोबरच होतं, पण मागची गरज खोटी नव्हती. एन्क्रिप्ट केलेल्या डिस्कचा पासवर्ड विचारायलाही कुणीतरी लागतंच, आणि तो अजूनही प्लायमाउथच विचारतं.

विचारायचं म्हणजे पडद्यावर अक्षरं आली. चित्राला पीएनजीची एक लायब्ररी पुरते. अक्षरांचं तसं नाही. प्लायमाउथचं अक्षरं दाखवणारं जुनं लेबल प्लगइन पँगो (अक्षरांची मांडणी) आणि कैरो (रेखाटन) या लायब्ऱ्या वापरतं. पँगोबरोबर हार्फबझ, जीलिब आणि फॉन्टकॉन्फिग या आणखी लायब्ऱ्या येतात. डेबियनवर कैरोच्या शेपटीला एक्सच्या लायब्ऱ्याही असतात. म्हणजे ज्या एक्सला हाकललं तो मागच्या दाराने पुन्हा घरात.

यावर उपाय म्हणून फक्त फ्रीटाइपवर (फॉन्टमधली अक्षरं रेखाटणाऱ्या लायब्ररीवर) चालणारं हलकं लेबल प्लगइन आलं. इंग्रजीसाठी ते उत्तम. पण ते एकेक अक्षर सुटं ठेवत जातं. ‘पासवर्ड’मधला रफार ‘ड’च्या डोक्यावर जातच नाही, ‘र’चा पाय मोडून तो तिथेच उभा राहतो, ‘लिहा’मधली वेलांटी ‘ल’च्या डावीकडे यायची ती उजवीकडे पडते. ही जुळणी हार्फबझ करतं, आणि हलकेपणासाठी नेमकं तेच वगळलेलं असतं.

त्यामुळे मराठी लोकेल (भाषेची निवड) ठेवलेल्या मशीनवर पासवर्डची ओळ नीट वाचता यायला हवी असेल, तर पँगोवालं प्लगइन आणि एखादा देवनागरी फॉन्ट, दोन्ही इनिट्रॅमएफएसमध्ये आहेत का ते आधी पाहावं. डेबियन-उबुंटूवर ‘एलएसइनिट्रॅमएफएस’ ही आज्ञा आतली सगळी यादी दाखवते.