क्लोरोडाइनची बाटली आणि मिठाचं पाणी

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी भारतीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने आदेश काढला की जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात न बसणाऱ्या पेयाच्या नावात ‘ओआरएस’ (जुलाबात पाजायचं मीठ-साखरेचं पाणी) ही अक्षरं कुठेही वापरता येणार नाहीत, मागेपुढे काहीही जोडलं तरी. बातमी दोन दिवस गाजली. जुलाबावरच्या बाटलीवर काय छापलंय त्यावर भरवसा ठेवून पैसे मोजायचे, हा व्यवहार मात्र मुंबईत दीडशे वर्षं जुना आहे. त्या काळातल्या सगळ्यात नामांकित बाटलीचं नाव होतं ‘डॉ. जे. कॉलिस ब्राउन यांचं क्लोरोडाइन’.

१८६०-७० च्या सुमाराचं मुंबईचं इंग्रजी वर्तमानपत्र उघडलं तर पहिल्या पानावर बातमी सापडत नाही. तिथे जहाजांच्या येण्याजाण्याच्या वेळा, लिलावाचे पुकारे, नव्याने उतरलेल्या विलायती मालाच्या याद्या आणि जाहीर नोटिसा असत. त्यांच्याच रांगेत होलोवेच्या गोळ्या, होलोवेचं मलम आणि क्लोरोडाइन. ‘पेटंट औषध’ म्हणत, पण पेटंट घ्यायचं तर कृती जाहीर करावी लागते. धंदा तर कृती लपवण्यावरच चालायचा. म्हणून संरक्षण फक्त नावाला आणि लेबलाला.

कॉलिस ब्राउन हे ब्रिटिश लष्करातले डॉक्टर. हिंदुस्थानातल्या नोकरीत, १८४८ च्या आसपास, त्यांनी हे मिश्रण पटकीवर, म्हणजे कॉलऱ्यावर म्हणून बनवलं आणि १८५६ मध्ये जे. टी. डेव्हनपोर्ट या लंडनच्या औषधविक्रेत्याला ते बनवून विकण्याचा हक्क दिला. लगोलग नकला निघाल्या. १८६४ साली फ्रीमन नावाच्या प्रतिस्पर्ध्याशी लंडनच्या कोर्टात खटला झाला, आणि न्यायाधीश पेज वुड यांनी ‘क्लोरोडाइनचे जनक कॉलिस ब्राउनच’ असा निर्वाळा दिला. हा निर्वाळा पुढे कित्येक दशकं प्रत्येक जाहिरातीत छापला गेला. सोबत ताकीद असे: सरकारी शिक्क्यावर ‘डॉ. जे. कॉलिस ब्राउन यांचं क्लोरोडाइन’ ही अक्षरं असल्याशिवाय माल अस्सल समजू नये.

हा ‘सरकारी शिक्का’ म्हणजे निव्वळ कराची पावती होती. ब्रिटनमध्ये अशा औषधांवर मुद्रांक शुल्क होतं: १ शिलिंगापर्यंतच्या मालावर दीड पेनी, अडीच शिलिंगापर्यंत ३ पेनी, ४ शिलिंगापर्यंत ६ पेनी. म्हणूनच बाटल्यांच्या किमती १ शिलिंग दीड पेनी, २ शिलिंग ९ पेनी, ४ शिलिंग ६ पेनी अशा विचित्र दिसतात. औषध तपासून कोणी शिक्का मारत नव्हतं. पण गिऱ्हाइकाला तो सरकारी मान्यतेसारखाच वाटे. अखेर ‘हा शिक्का म्हणजे सरकारची हमी नव्हे’ असं त्या शिक्क्यावरच छापावं लागलं.

बाटलीत काय होतं? क्लोरोफॉर्म, मॉर्फिन, गांजाचा अर्क, पातळ प्रुसिक आम्ल (सायनाइडचं विष), पुदिन्याचं तेल, मिरचीचा अर्क, आणि हे सगळं धरून ठेवायला काकवीचा पाक. मात्रा थेंबांत. गडबड इथूनच सुरू होते. क्लोरोफॉर्मची घनता १.४९, स्पिरिटच्या आधाराने ते पाकात कसंबसं मिसळून राहतं, पण बाटली नुसती ठेवून दिली की थर सुटू लागतात. मॉर्फिनचा क्षार पाण्यात विरघळतो, क्लोरोफॉर्ममध्ये जवळजवळ नाही. म्हणजे एका थरात मॉर्फिन नावापुरतं, दुसऱ्यात सगळं. शिवाय प्रुसिक आम्ल २६ अंश सेल्सियसला उकळतं, क्लोरोफॉर्म ६१ अंशांना. मुंबईच्या उन्हाळ्यात ढिल्या बुचातून हे उडून जाणार आणि न उडणारं मॉर्फिन उरलेल्या पाकात दाट होत जाणार. वीस थेंब मोजले तरी त्यांत मॉर्फिन किती आलं, हे बाटली किती जुनी आणि किती हलवलेली यावर ठरे. १८९० च्या दशकात ब्रिटिश न्यायालयांनी अशा बाटल्यांवर ‘विष’ हा शब्द छापायला भाग पाडलं.

तरीही लोकांना गुण येई. कलकत्त्याच्या लष्करी डॉक्टरांची, सिमल्याच्या औषधविक्रेत्यांची प्रशस्तिपत्रं जाहिरातीत असत; दोन मात्रांत जुलाब बंद, अशा अर्थाची. ती खोटी मानायचं कारण नाही. साधे जुलाब दोन-तीन दिवसांत आपोआप थांबतात, आणि मॉर्फिन ते लवकर थांबवतं. पटकीने दगावलेला माणूस मात्र पत्र लिहीत नाही.

आता मुख्य मुद्दा. पटकीत शरीरात काय होतं आणि क्लोरोडाइन तिथे काय करत होतं?

कॉलऱ्याचा जंतू लहान आतड्याच्या भिंतीला चिकटतो आणि एक प्रथिन सोडतो. या विषाचे दोन भाग असतात. पाच तुकड्यांचं एक कडं पेशीच्या आवरणावरच्या जीएम-१ नावाच्या स्निग्ध रेणूला धरतं, आणि दुसरा भाग पेशीत शिरतो. तिथे जी-प्रथिन नावाचं एक नियंत्रक प्रथिन असतं. ते एरवी क्षणभर ‘चालू’ होऊन स्वतःहून ‘बंद’ होतं. विषाचा आत शिरलेला भाग त्यावर एक रासायनिक तुकडा डकवतो आणि त्याची बंद होण्याची क्षमताच काढून घेतो. मग सायक्लिक एएमपी हा निरोप्या रेणू पेशीत वाढतच जातो. त्यामुळे सीएफटीआर नावाचे क्लोराइडचे मार्ग उघडे राहतात. क्लोराइड आतड्याच्या पोकळीत जातो, त्यामागून सोडियम, आणि सोडियममागून पाणी. त्याच वेळी मीठ शोषून घेण्याचा नेहमीचा रस्ताही मंदावतो.

पेशी मरत नाही, भिंतीला भोकही पडत नाही. म्हणून पटकीचे जुलाब तांदळाच्या धुवणासारखे असतात, रक्ताचे नाहीत. पण प्रमाण भयंकर: तीव्र पटकीत तासाला एक लिटरपर्यंत पाणी जातं, आणि मोठ्या माणसात त्या प्रत्येक लिटरबरोबर सुमारे १३० मिलिमोल सोडियम, म्हणजे मिठाच्या हिशेबात साडेसात ग्रॅम. पन्नास किलोच्या माणसाच्या अंगातून पाच लिटर गेलं की डोळे खोल जातात, चिमटीत धरलेली कातडी तशीच उभी राहते, पोटऱ्यांत गोळे येतात, मनगटाची नाडी लागत नाही. उपचार नसेल तर अशा रोग्यांपैकी निम्मे दगावतात.

मॉर्फिन यातल्या एकाही पायरीला हात लावत नाही. ते आतड्याच्या भिंतीतल्या चेतापेशींवर बसतं, त्यांच्याकडून सुटणारं, आतड्याला हलवणारं अ‍ॅसिटिलकोलीन कमी करतं, आणि आतडं पुढे ढकलायचं थांबतं. नळ चालू ठेवून मोरीच्या तोंडाला बोळा कोंबावा, तसं. ढाळ थांबल्याचं दिसतं, पण पाणी रक्तातून आतड्यात येतच राहतं आणि तिथेच साठतं. रक्ताच्या दृष्टीने ते गेलेलंच असतं. वर रोगी गुंगीत, श्वास मंद, आणि तोंडाने पाणी घ्यायच्या स्थितीत नाही. याच कारणाने आजही कॉलऱ्यात लोपेरामाइडसारखी जुलाब थांबवणारी गोळी देत नाहीत.

गेलेलं पाणी आणि मीठ परत द्यायचं, ही कल्पना क्लोरोडाइनच्या आधीची आहे. विल्यम ओशॉनेसी या तरुण आयरिश डॉक्टरने १८३१-३२ मध्ये पटकीच्या रोग्यांचं रक्त तपासून दाखवलं की त्यातलं पाणी आणि क्षार घटलेले असतात. ते वाचून स्कॉटलंडमधल्या लीथच्या थॉमस लॅटांनी १८३२ मध्ये मिठाचं पाणी थेट शिरेत सोडलं. पहिल्या रोगी बाईला अर्ध्या तासात ६ पाइंट, म्हणजे सुमारे ३.४ लिटर दिलं; जवळजवळ गेलेली बाई शुद्धीवर आली. पण ढाळ चालूच होते, पाणी देणं मात्र थांबलं, आणि काही तासांत ती गेली. उपाय बरोबर होता, तो चालू ठेवायला हवा होता. त्या काळचे बहुतेक डॉक्टर रक्त काढणं आणि पाऱ्याचं कॅलोमेल देणं यांतच गुंतलेले. ती पद्धत मागे पडली. ओशॉनेसी पुढे कंपनीच्या नोकरीत कलकत्त्याला आले आणि १८३९ मध्ये गांजाच्या औषधी गुणांवरचा त्यांचा निबंध गाजला. त्यांचा गांजा विलायती औषधांत आणि क्लोरोडाइनच्या बाटलीत पोचला, त्यांचं मीठ-पाणी पोचलं नाही, ही औषधांच्या इतिहासातली मोठी शोकांतिका आहे.

गावागावांत तेव्हा मरीआईचा गाडा शिवेबाहेर नेऊन सोडत. भीतीपोटी केलेलं ते कर्म समजू शकतं, पण त्याने एकही विहीर स्वच्छ झाली नाही. मुंबईत मोठा फरक पडला तो नळाच्या पाण्याने. विहार तलावाचं पाणी १८६० मध्ये शहरात आलं.

पटकीत पाणी का जातं आणि तोंडाने ते परत कसं द्यायचं, हे उरलेलं कोडं विसाव्या शतकात सुटलं. कोलकात्यात शंभुनाथ डे यांनी सशाच्या आतड्याचा एक तुकडा दोन्हीकडून दोऱ्याने बांधला आणि त्यात कॉलऱ्याच्या जंतूंचा द्रव टोचला. दुसऱ्या दिवशी तो तुकडा पाण्याने टम्म फुगलेला. १९५९ मध्ये त्यांनी जंतू गाळून काढलेल्या द्रवानेही तेच घडतं हे दाखवलं: दोष विषाचा. पुढच्याच वर्षी प्रागच्या परिषदेत रॉबर्ट क्रेन यांनी मांडलं की आतड्यात ग्लुकोज आणि सोडियम जोडीनेच आत घेतले जातात. हे काम करणारं प्रथिन एसजीएलटी-१. ग्लुकोजच्या एका रेणूबरोबर ते सोडियमचे दोन आयन उचलतं, आणि त्यांच्यामागे पाणी आत येतं. कॉलऱ्याचं विष या प्रथिनाला धक्काही लावत नाही! नुसतं मिठाचं पाणी पाजलं तर ते पुरेसं शोषलं जात नाही. त्यात बेताचं ग्लुकोज घातलं की शोषण सुरू होतं.

१९७१ मध्ये बांगलादेश युद्धाच्या वेळी पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत सलाइनच्या बाटल्या संपत आल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी लिटरमागे २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ आणि २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा, असं पाणी पिंपांत भरून नातेवाइकांच्या हातीच दिलं. तिथला मृत्युदर ३.६ टक्क्यांवर आला.

ओआरएसचं आजचं सूत्र लिटरमागे असं: मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम, ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम. सगळे कण मिळून २४५ मिलिऑस्मोल, रक्ताच्या सुमारे २९० पेक्षा मुद्दाम कमी, म्हणजे पाण्याचा ओढा आतड्यातून रक्ताकडे राहतो. जुनं सूत्र ३११ चं होतं, ते २००२ मध्ये बदललं. बाजारातल्या गोड पेयांत लिटरला शंभर ग्रॅमच्या आसपास साखर असते आणि सोडियम नाममात्र. एवढी साखर उलट रक्तातलं पाणी आतड्यात ओढते, जुलाब वाढतात.

घरी चुका होतात त्या मापाच्या. लिटरचं पाकीट लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात एकाच वेळी पूर्ण टाकायचं. अर्धं पेल्यात आणि अर्धं उद्याला ठेवलं की प्रमाण बिघडतं. चवीला वरून साखर घालायची नाही, मिसळल्यावर उकळायचं नाही, चोवीस तासांनी उरलेलं टाकून द्यायचं. पाकीट नसेल तर लिटरभर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. चव अश्रूंपेक्षा खारट लागली तर ते ओतून नवं करायचं. बाळाला उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा चमच्या-चमच्याने द्यायचं. मूल पिईनासं झालं, सुस्तावलं किंवा लघवी थांबली, तर चमचा बाजूला ठेवून थेट दवाखाना गाठायचा; तिथे शिरेतून सलाइन लागतं.