सनदेतला पाषाण: सोलापुरात जमिनीखालच्या हक्काचा माग

खाणीचा विषय निघाला की सोलापूर जिल्ह्यात कुणीतरी हमखास म्हणतं, ‘आमची जमीन इनामी, दगड आमचाच.’ हे बोलणं हवेतलं नसतं. मात्र त्यामागच्या कागदात आज किती बळ उरलंय, हे सातबाऱ्यावरून कळत नाही. सातबारा सांगतो तो जमिनीचा भोगवटा. खालच्या दगडाचा माग काढायचा तर बरंच मागे जावं लागतं.

पेशवाईतल्या इनामी सनदांत एक ठरलेली ओळ येते: ‘जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधि, निक्षेप सहित’. पाण्यापासून पुरलेल्या धनापर्यंत सगळं इनामदाराला दिलेलं. पुढे ‘खेरीज हक्कदार व इनामदार करून’ असंही असतं, म्हणजे दुसऱ्यांचे आधीचे हक्क वगळून. घरोघरी पहिली ओळ पाठ असते, दुसरी कुणी सांगत नाही. म्हणून सनद मोडीच्या जाणकाराकडून अखेरपर्यंत वाचून घ्यावी, असं मला कळकळीने वाटतं.

इंग्रजी अमलात 1836 साली शेजारच्या इंदापुरात नवी मोजणी सुरू झाली आणि ती पद्धत पुढे सोलापूरकडेही आली. 1852 च्या कायद्याने इनाम कमिशनने सनदा तपासायला घेतल्या. त्यातून जमिनीचे दोन भाग पक्के झाले, खालसा (थेट सरकारला सारा भरणारी) आणि दुमाला (इनामात दिलेली). 1879 च्या मुंबई जमीन महसूल कायद्याच्या कलम 69 ने खालसा जमिनीतल्या खाणी आणि खनिजं सरकारकडे राखून ठेवली, रयतेचे आधीपासून चालत आलेले हक्क तेवढे वाचवले. दुमाला जमीन या कलमाबाहेर राहिली. खरा फाटा इथेच फुटतो.

म्हणून आपली जमीन त्या वेळी कुठल्या बाजूला होती, हे आधी शोधायचं. आजच्या गट नंबरावरून जमिनींच्या एकत्रीकरणाच्या पत्रकात जुना सर्व्हे नंबर मिळतो, त्यावरून फेरफारांची साखळी मागे नेता येते. गाव नमुना 3 ही दुमाला जमिनींची नोंदवही. तिथे नंबर सापडला तर सनदेची गोष्ट पुढे न्यायची. अक्कलकोट तालुका 1948 पर्यंत स्वतंत्र संस्थान होता आणि मंगळवेढा सांगली संस्थानात, त्यामुळे तिथले जुने कागद संस्थानी दफ्तरातले.

स्वातंत्र्यानंतर वतनं आणि इनामं एकेक करून खालसा झाली: 1950 चा परगणा व कुलकर्णी वतन कायदा, 1952 चा जातइनाम (व्यक्तीला दिलेलं इनाम) कायदा, 1958 चा कनिष्ठ गावकामगार वतनांचा. जमीन बहुतेक वेळा वारसांकडेच राहिली, कधी नजराणा (सरकारला द्यायची रक्कम) भरून आणि नव्या अटींवर. 1966 च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 48 ने खनिजं राज्य सरकारची असल्याचं पुन्हा जाहीर केलं. त्यातूनही कुणाचा खाणींवरचा जुना मालकी हक्क शिल्लक असलाच, तर तो संपवण्यासाठी 1985 साली राज्याने वेगळाच कायदा केला. सनदेतला ‘पाषाण’ घेऊन वकिलाकडे जाणाऱ्याने आधी हा कायदा वाचावा. माझ्या मते पाषाणाचा दावा तिथेच थांबतो.

सोलापूरच्या काळ्या पाषाणात सोनं-कोळसा नाही. वाद असतो तो दगड, मुरूम आणि भीमा-सीनेच्या वाळूचा. ही सगळी गौण खनिजं, त्यांना 2013 चे राज्याचे नियम लागू. आपल्याच रानातला मुरूम विकायचा तरी परवाना आणि ब्रासवर रॉयल्टी लागते. विनापरवाना उपसा केल्यास संहितेच्या कलम 48(7) खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होतो, आणि तिथे आजोबांची सनद ढाल होत नाही.

वारसाची बाजू उरते ती वरच्या जमिनीची. खाणपट्टा मागताना सातबाऱ्यावरच्या सगळ्या सहहिस्सेदारांचा प्रश्न येतो. वारसनोंद राहून गेली असेल, तर पुण्या-मुंबईला गेलेल्या चुलतभावाची सही नसल्याने प्रकरण अडून बसतं. जमीन भोगवटादार वर्ग 2 (सरकारी परवानगीशिवाय हस्तांतर न होणारी) किंवा देवस्थान इनामाची असेल, तर सरकारी परवानगीची पायरी त्याआधीच लागते.