प्रज्वलन-समायोजन (फेरबदल केलेल्या एंजिनातील)

पेट्रोल एंजिनात ठिणगी पडण्याचा क्षण क्रँकशाफ्टच्या अंशांत ठरवून देण्याची क्रिया. गॅरेजच्या बोलीत ‘टायमिंग लावणे’. दट्ट्या वरच्या टोकाला पोचण्याआधी जितके अंश ठिणगी पडते, तितका ‘अ‍ॅडव्हान्स’. कॅमशाफ्ट, संपीडन गुणोत्तर किंवा सिलिंडर-हेड बदलले की कारखान्याचे आकडे निरुपयोगी ठरतात. येथील विवेचन मुख्यतः १९५५ मध्ये आलेल्या शेव्हरोले स्मॉल-ब्लॉक व्ही-८ एंजिनावर आधारले आहे.

बॅटरी-कॉइल प्रज्वलनाचे श्रेय सामान्यतः चार्ल्स केटरिंग यांना दिले जाते (कॅडिलॅक, सुमारे १९१०). मात्र द दियाँ-बूताँच्या एंजिनांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच बॅटरी, कॉइल आणि संपर्क-खंडक (प्रवाह तोडून ठिणगी पाडणारा भाग) होते. त्यामुळे केटरिंग यांना जनक न म्हणता सुधारक म्हणणे अधिक सयुक्तिक. अ‍ॅडव्हान्स पूर्वी चालकाच्या हाती असे. फोर्ड मॉडेल टी गाडीत सुकाणूच्या डाव्या बाजूला त्यासाठी दांडी होती. ती वर, म्हणजे ठिणगी उशिरा पडेल अशी, न घेता हँडल मारल्यास ते उलटून मनगट मोडण्याचा धोका असे.

मिनिटाला ६,००० फेऱ्यांना क्रँकशाफ्ट एका मिलिसेकंदात ३६ अंश फिरतो, ८०० फेऱ्यांना पाचांहून कमी. म्हणून वेगाबरोबर ठिणगी आधी पडावी लागते. परंतु वेग वाढला की मिश्रणातील खळबळ वाढून ज्वलनही जलद होते, त्यामुळे साधारण ३,००० फेऱ्यांनंतर अ‍ॅडव्हान्स वाढवावा लागत नाही. स्मॉल-ब्लॉकमध्ये पूर्ण अ‍ॅडव्हान्स बहुधा ३४ ते ३६ अंश ठेवतात. जलद ज्वलनाच्या नव्या हेडना सुमारे ३२ पुरतात. सुरुवातीचे १६ अंश ठेवल्यास केंद्रोत्सारी वजनांकडून, म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधील (प्लगांना पाळीपाळीने ठिणगी पोचवणारा भाग) वेगाबरोबर बाहेर सरकणाऱ्या वजनांकडून, २०च घ्यावेत. डिस्ट्रिब्युटर क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, तेव्हा त्याच्यावरचे १० अंश म्हणजे क्रँकचे २०. नवख्यांची चूक येथेच होते.

निर्वात अ‍ॅडव्हान्सची (एंजिनातील निर्वाताने डबी ओढली जाऊन मिळणाऱ्या जादा अ‍ॅडव्हान्सची) नळी कोठे जोडावी, यावर एकमत नाही. थ्रॉटलच्या वरची (‘पोर्टेड’) जोडणी १९६० नंतरच्या प्रदूषण-नियमांतून आली असे सांगितले जाते. पण त्याआधीच्या काही कार्ब्युरेटरांतही ती आढळते. मोठ्या ओव्हरलॅपच्या (दोन्ही झडपा एकाच वेळी उघड्या राहण्याच्या काळाच्या) कॅममुळे मंदगतीला मिश्रण विरळ व संथ जळते, म्हणून अशा एंजिनाला मॅनिफोल्डची (थ्रॉटलच्या खालची) जोडणी अधिक मानवते. मात्र मंदगतीच्या निर्वातापेक्षा सुमारे २ इंच पारा कमी असतानाच डबी पूर्ण ओढली गेली पाहिजे, नाहीतर टायमिंग डोलत राहते. पूर्ण थ्रॉटलला निर्वात जवळजवळ शून्य असल्याने कमाल शक्तीशी या वादाचा संबंध नाही.

टायमिंग लाइट (ठिणगीबरोबर चमकणारा दिवा) पहिल्या प्लगच्या वायरवर लावून, नळी काढून बंद करून खुणा पाहतात. आठ इंची डँपरवर (क्रँकच्या टोकावरील खुणांच्या चकतीवर) एक अंश म्हणजे जेमतेम पावणेदोन मिलिमीटर. जुन्या डँपरचे बाहेरचे कडे रबरावरून सरकलेले असू शकते, म्हणून आधी प्लगच्या भोकात पिस्टन-स्टॉप घालून खरी टीडीसी (दट्ट्याचे वरचे टोक) शोधावी. रोटर (डिस्ट्रिब्युटरचा फिरता भाग) वरून पाहता घड्याळाच्या दिशेने फिरतो. डिस्ट्रिब्युटरचा बोल्ट सैल करून धड उलट्या दिशेने वळवले की अ‍ॅडव्हान्स वाढतो. नॉकिंग (मिश्रण आपोआप पेटून होणारा खणखणाट) ऐकू आल्यास किंवा प्लगच्या चिनीमातीवर अ‍ॅल्युमिनियमचे बारीक ठिपके दिसल्यास दोन अंश मागे घ्यावे.

इलेक्ट्रॉनिक नियंत्रणात वेग आणि भार यांचा तक्ता हेच काम करतो. तरी तक्त्यातला शून्य अंश आणि क्रँकवरचा शून्य अंश जुळतात का, हे लाइटनेच पडताळतात.