शून्य ते शंभर : फेरारी एफ४० पोर्शच्या मागे का पडते?

२१ जुलै १९८७ रोजी इटलीतल्या मारानेल्लो गावात फेरारीने कंपनीच्या चाळिशीनिमित्त एक लाल गाडी लोकांपुढे आणली. नाव एफ४०. एन्झो फेरारी तेव्हा ८९ वर्षांचे होते. पुढच्याच वर्षी ऑगस्टमध्ये ते गेले. गाडीचा सर्वाधिक वेग कंपनीने जाहीर केला तो ताशी ३२४ किलोमीटर, म्हणजे २०१ मैल. शर्यतीची नव्हे, नंबरप्लेट लावून रस्त्यावर आणता येणारी गाडी दोनशे मैलांची वेस ओलांडते, ही त्या काळी फार मोठी गोष्ट होती.

तिची खरी प्रतिस्पर्धी जर्मनीत आधीच तयार होती : पोर्श ९५९. दोन्ही गाड्यांचे मूळ ‘ग्रुप बी’ या शर्यतींच्या वर्गात आहे. १९८६ मध्ये कॉर्सिकाच्या रॅलीत हेन्री टोइव्होनेन आणि त्याच्या सहचालकाचा मृत्यू झाला आणि त्या वर्षाअखेर हा वर्ग बंद पडला. त्यासाठी केलेले बरेच काम मग रस्त्यावरच्या गाड्यांच्या पदरी पडले.

आता आकडे. एफ४० : २.९ लिटरचे, आठ सिलिंडरचे, दोन टर्बो (बाहेर पडणाऱ्या वायूच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारे पंखे) असलेले इंजिन, ४७८ अश्वशक्ती, वजन ११०० किलो, शून्यापासून ताशी शंभर किलोमीटरपर्यंत ४.१ सेकंद. पोर्श ९५९ : सहा सिलिंडर, दोन टर्बो, ४५० अश्वशक्ती, वजन १४५० किलो, सर्वाधिक वेग ३१७; आणि शून्य ते शंभर ३.७ ते ३.९ सेकंद. गाडीवेड्या मंडळींचे वाद इथेच पेटतात. जास्त ताकद आणि साडेतीनशे किलो कमी वजन असूनही फेरारीचा पिकअप कमी कसा?

याचे उत्तर टायरपाशी आहे. इंजिन कितीही ताकदवान असो, गाडीला पुढे ढकलणारे बल टायर आणि रस्ता यांच्यातल्या घर्षणातूनच मिळते, आणि घर्षण किती मिळणार हे फिरवल्या जाणाऱ्या चाकांवर किती भार आहे त्यावर ठरते. एफ४०चे इंजिन चालकाच्या पाठीमागे आहे आणि ताकद फक्त मागच्या दोन चाकांना जाते. उभ्या गाडीचा जवळपास साठ टक्के भार त्या चाकांवर असतो. गाडी जोरात सुटली की भार आणखी मागे सरकतो आणि हा वाटा सत्तर टक्क्यांच्या घरात जातो. कोरड्या रस्त्यावर चांगल्या टायरचा घर्षणगुणांक (पकड भाराच्या किती पट, तो आकडा) ढोबळमानाने १ धरला, तर गाडीचे त्वरण गुरुत्वत्वरणाच्या सुमारे ०.७ पटीपलीकडे जाऊ शकत नाही. त्या त्वरणाने ताशी शंभरचा वेग गाठायला लागतात सुमारे चार सेकंद. कंपनीचा आकडा ४.१ आहे! कागदावरचे इतके साधे गणित प्रत्यक्षाच्या इतके जवळ येते, याचा मला दर वेळी नव्याने आनंद होतो.

म्हणजे शंभरपर्यंत एफ४०ची सगळी ताकद रस्त्यावर उतरतच नाही. ती वापरायला गेलो तर चाके जागच्या जागी फिरून धूर काढतील. पोर्शने नेमकी हीच अडचण सोडवली होती. ९५९ची चारही चाके ताकद घेतात आणि पुढच्या-मागच्या चाकांना किती ताकद द्यायची हे एक संगणकीय यंत्रणा परिस्थिती पाहून ठरवते. संपूर्ण गाडीचे वजन पकडीसाठी कामी येते, म्हणून सुरुवातीला तिचे जास्त वजन तिला फारसे नडत नाही.

ताशी सव्वाशेच्या आसपास मात्र चित्र पालटते. आता टायरची मर्यादा मागे पडते आणि एका अश्वशक्तीला किती किलो ओढायचे आहेत याला महत्त्व येते. इथे वाचकाने एक सावधगिरी बाळगावी. फेरारीचे ११०० किलो हे ‘कोरडे’ वजन आहे : पेट्रोल, तेल, पाणी यांच्याशिवायचे. रस्त्यावरची एफ४० साधारण १२५० किलोंची भरते. तरीही टनामागे ३८० अश्वशक्ती मिळते. ९५९ला सुमारे ३१०. हा फरक दांडगा आहे आणि तो सहज मिळालेला नाही. अभियंते निकोला मातेराझ्झी यांच्या चमूने पोलादी नळ्यांच्या सांगाड्यावर कार्बन फायबर आणि केव्हलार या हलक्या, चिवट धाग्यांचे भाग चिकटवले. गालिचा नाही, रेडिओ नाही, आतून दार उघडायला मुठीऐवजी दोरी. पॉवर स्टिअरिंग नाही, एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाके अडकू न देणारी यंत्रणा) नाही, ब्रेकला सर्व्होची, म्हणजे पायाचा जोर वाढवणाऱ्या यंत्रणेची मदतसुद्धा नाही. एअर कंडिशनर तेवढा ठेवला, कारण पाठीमागच्या इंजिनाच्या उष्णतेत त्याच्याशिवाय बसवले नसते.

टर्बोंची मांडणीही वेगळी. एफ४०चे दोन्ही टर्बो एकदम काम करतात. इंजिनाच्या कमी फेऱ्यांवर बाहेर पडणारा वायू त्यांना पुरेसा पडत नाही, म्हणून आधी काही क्षण शांतता आणि मग एकाएकी जोराचा धक्का. पोर्शमध्ये कमी फेऱ्यांवर सगळा वायू एकाच टर्बोला मिळतो आणि दुसरा नंतर सामील होतो, त्यामुळे ताकद समजूतदारपणे वाढत जाते. मला अभियांत्रिकी म्हणून पोर्शचा मार्ग श्रेष्ठ वाटतो. पण एवढ्या थोड्या साधनांत एफ४० जिथवर पोहोचली, त्याने जास्त भारावून जायला होते.

मग सर्वाधिक वेगाचे काय? तिथे वजन जवळजवळ गैरलागू ठरते. लढत हवेशी असते. समोरून वारा असताना सायकल चालवणाऱ्या कुणालाही हे ठाऊक असते. हवेचा अवरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, आणि त्यावर मात करायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाने. वेग दुप्पट हवा तर शक्ती आठपट. हाच नियम उलटा लावून बघा. एफ४०ची ताकद ९५९पेक्षा सहा टक्के जास्त आहे. १.०६ चे घनमूळ १.०२. पोर्शच्या ३१७ला १.०२ने गुणले की येतात ३२३! फेरारीचा आकार हवेत थोडा जास्त अडतो (अवरोधगुणांक ०.३४, पोर्शचा ०.३१), पण तिचा समोरचा छेद लहान असल्याने दोघींचा हिशोब जवळपास बरोबरीत सुटतो.

आकड्यांची तुलना करताना ते कुणी आणि कसे मोजले हेही पाहावे लागते. अमेरिकी मासिके शून्य ते साठ मैल मोजतात, म्हणजे ९६.६ किलोमीटरपर्यंत; शिवाय बऱ्याचदा गाडी पहिला फूटभर सरकल्यावर घड्याळ सुरू करतात. या दोन्हींमुळे अर्ध्या सेकंदाच्या आसपास फरक सहज पडतो. त्यांचा आकडा युरोपातल्या आकड्याशेजारी ठेवून निकाल लावणे अन्यायाचे आहे.

आणि एफ४० जाहीर झाली त्याच वर्षी जर्मनीतल्या एरा-लेसियन या चाचणी-मार्गावर एका अमेरिकी मासिकाने रूफ या जर्मन कंपनीची सीटीआर ही पिवळी गाडी पळवली. पोर्श ९११च्या अरुंद सांगाड्यावर बांधलेली, जाहीर ताकद ४६९ अश्वशक्ती, म्हणजे एफ४०पेक्षा कमी. मोजलेला वेग भरला ताशी ३३९ किलोमीटर. घनाचा नियम लावला तर याचे दोनच अर्थ निघतात : एक तर हवेत तिला होणारा अडथळा एफ४०पेक्षा सुमारे १४ टक्के कमी होता, नाहीतर इंजिन सांगितल्यापेक्षा जास्त ताकद देत होते. पहिल्याला पुरावा गाडीच्या अंगावर दिसतो. रूफने छताच्या कडेच्या पावसाच्या पन्हळीसुद्धा काढून टाकल्या होत्या. एफ४०च्या पाठीवर मात्र तो रुंद, न हलणारा पंख आहे. सरळ रस्त्यावर तो वेग खातो; वेगवान वळणावर तोच मागची चाके जमिनीवर दाबून धरतो.