वाळवंटातला वर्ग: मुलांना बाहेर न्यायची ही पद्धत आली कुठून

अमेरिकेत ॲरिझोनामधे टूसॉनजवळ ॲरिझोना-सोनोरा डेझर्ट म्युझियम आहे, नाव म्युझियम पण बराचसा भाग उघड्यावरच, जवळपास तीन किलोमीटरच्या पायवाटा आणि दोन्ही बाजूंना खरंखुरं सोनोरन वाळवंट. शाळेच्या बसेस येतात, मुलं उतरतात आणि थेट वाटेला लागतात. आता हे इतकं साधं वाटतं की यामागे काही इतिहास असेल असं डोक्यातच येत नाही, पण आहे, आणि त्याची सुरुवात वाळवंटात झालेलीच नाही.

सुरुवात झाली न्यूयॉर्क राज्याच्या शेतीत. १८९० च्या दशकात तिथे शेतीला मंदी आली, खेड्यातली तरुण पोरं शहराकडे निघाली, आणि कॉर्नेल विद्यापीठातल्या लिबर्टी हाइड बेली आणि ॲना बॉट्सफोर्ड कॉमस्टॉक यांनी ठरवलं की शाळेतल्या मुलांना लहानपणीच किडे, झाडं, माती नीट बघायला शिकवायचं म्हणजे गावाशी नातं टिकेल. शिक्षकांसाठी छोट्या पुस्तिका निघाल्या, सरकारी पैसाही मिळाला. मुलाने आधी वस्तू बघायची आणि नाव नंतर शिकायचं, हा त्यांचा आग्रह होता आणि मला तो आजही सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

मग १९२५ च्या सुमारास फ्रँक लुट्झ नावाच्या कीटकशास्त्रज्ञाने न्यूयॉर्क राज्यातच टक्सीडो गावाजवळच्या जंगलात एक भारी गोष्ट केली. दोन वाटा आखल्या, एका वाटेवर झाडांना माहितीच्या पाट्या लावल्या आणि दुसऱ्या वाटेवर फक्त प्रश्न. पहिलीवर शिकायचं, दुसरीवर स्वतःला तपासायचं. आज जगभर नेचर ट्रेल म्हणून जे दिसतं त्याच्या मुळाशी ही जोडी आहे. लगेच १९२७ मधे त्याच राज्यातल्या बेअर माउंटनला विल्यम कार याने अशीच वाट आणि छोटं संग्रहालय उभं केलं, तिथे शहरातली मुलं उन्हाळी कॅम्पला यायची त्यामुळे गर्दी आपोआप मिळाली.

हाच कार पुढे टूसॉनला आला आणि इथे अडचण वेगळी होती. जंगलात मुलांना काहीतरी हिरवं, हलणारं लगेच दिसतं, वाळवंटात दुपारी बघितलं तर काहीच दिसत नाही, कारण प्राणी बिळात असतात आणि रात्री बाहेर पडतात, झाडांना पानं नावालाच. त्यामुळे बाहेरून येऊन स्थायिक झालेल्या कितीतरी लोकांना ती रिकामी जमीनच वाटायची.

रिकामी कसली, तोहोनो ओऽओदाम हे मूलनिवासी लोक तिथे पिढ्यानपिढ्या राहत होते. सगुआरो हा उंच खांबासारखा निवडुंग, त्याची फळं जून-जुलैत लांब काठीने पाडायची, आणि ती काठीसुद्धा वाळलेल्या सगुआरोच्याच आतल्या लाकडी फासळ्यांची. या तोडणीपासून त्यांचं नवीन वर्ष सुरू होतं, मग पावसाची वाट बघायची. मुलं हे सगळं मोठ्यांबरोबर रानात शिकत होती. आणि ज्या दशकात कॉर्नेलवाले मुलांना निसर्गात न्या म्हणून जीव तोडून सांगत होते त्याच दशकात, १८९१ ला, ॲरिझोनातच फीनिक्स इंडियन स्कूल ही सरकारी निवासी शाळा सुरू झाली, मूलनिवासी मुलांना घरापासून, भाषेपासून, रानापासून तोडून तिथे ठेवलं गेलं. निसर्ग शिक्षणाचा इतिहास सांगताना ही बाजू सोडून देणं मला पटत नाही.

बाकी, सगुआरोसुद्धा संकटात होता. १९३३ मधे त्याच्यासाठी राखीव क्षेत्र जाहीर झालं तरी गुरं चरत होती, लाकूडतोड आधीच झाली होती, आणि पालो व्हर्देसारख्या ज्या झाडांच्या सावलीत सगुआरोचं रोप जगतं ती सावलीच गेली. १९४० च्या दशकात जुने सगुआरो मरताना बघून हे आता संपणार अशी भीती अभ्यासकांनाच वाटायला लागली होती.

या सगळ्या पार्श्वभूमीवर कार आणि आर्थर पॅक हे दोघं एकत्र आले. पॅक निसर्गावरच्या मासिकाचे संपादक आणि पैशाची बाजू सांभाळणारे, पीमा काउंटीने, म्हणजे तिथल्या जिल्हा प्रशासनाने, टूसॉन माउंटन पार्कमधली जागा आणि एक जुनं घर दिलं, आणि १९५२ च्या सप्टेंबरमधे म्युझियम उघडलं. नावात सोनोरा हे मेक्सिकोतल्या राज्याचं नाव मुद्दाम घातलंय, कारण हे वाळवंट तिकडेही पसरलंय.

पण मला सगळ्यात आवडतो तो पुढचा भाग. मुलं वाळवंटात येईपर्यंत थांबायचं नाही, वाळवंटच त्यांच्याकडे न्यायचं असं ठरलं. हॅल ग्रास हा माणूस गाडीत जिवंत प्राणी घेऊन शाळाशाळांत जायचा, त्या उपक्रमाचं नाव डेझर्ट आर्क, शिवाय टीव्हीवर डेझर्ट ट्रेल्स हा कार्यक्रमही तो करायचा आणि तो कितीतरी वर्षं चालला. ज्या सापाला घरी बघितलं की मारायचं एवढंच माहीत, तो वर्गात शांतपणे हातावर फिरताना बघणं, हे एका पिढीला मिळालं. म्युझियममधे जमिनीखाली बोगदा करून बिळात दिवसा काय चालतं तेही दाखवायला सुरुवात झाली, म्हणजे दुपारी काहीच दिसत नाही या मूळ अडचणीवरचं उत्तर.

आणि पाट्या वाचण्यापासून सुरू झालेलं काम आता मोजण्यापर्यंत आलंय. शेजारच्या सगुआरो नॅशनल पार्कमधे १९९० पासून दर दहा वर्षांनी सगुआरोंची मोजणी होते आणि त्यात स्वयंसेवकांबरोबर विद्यार्थीही असतात, पालो व्हर्देच्या खाली वाकून इवलंसं रोप शोधायचं, कारण पहिल्या आठ वर्षांत ते जेमतेम तीन-चार सेंटिमीटर वाढतं. २०२० च्या मोजणीत नेमकी अशी लहान रोपंच फार कमी सापडली, गेल्या काही दशकांच्या दुष्काळामुळे. जी सापडली त्यांना पहिली फांदी फुटायला ५० ते ७५ वर्षं लागतील, तेव्हा ती मोजणारी मुलं आजीआजोबा झालेली असतील.